उखर्डूभाऊची शिवेपारची दवंडी

बोरखेडे बुद्रुकच्या उखर्डूभाऊला देवाने आवाज मोजून दिला नव्हता, ओतला होता. आधीची तीन लेकरं दगावली म्हणून आईने ह्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उखर्डू ठेवलं. यमाला किळस यावी म्हणून हा उपाय. यम काही आला नाही, पण उखर्डू जो रडला तो म्हणे नाल्यापलीकडच्या बोरखेडे खुर्दात ऐकू गेला. पुढे त्याने रिक्षा घेतली, टपावर भोंगा बांधला आणि शिंदखेडा तालुक्यातल्या वीसेक गावांचं तोंडच होऊन बसला. लसीकरण, हरवलेली शेळी, जत्रेतली कुस्ती, कोणाची मयत, सगळं उखर्डूभाऊच्या तोंडून.

त्याची एक घमेंड होती. कागदावरची सरकारी मराठी तो तशीच्या तशी कधी वाचत नसे. "कागद वाचाले मास्तर शेतस, मी कशाले?" असं म्हणून मजकूर अहिराणीत उलटवून सांगायचा. कागदावर असायचं, 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील.' उखर्डूभाऊ ओरडायचा, "बायासहो, आजच हांडा भरी ठेवा, सकाय नळले सुट्टी शे!" बाया हसायच्या आणि हंडे भरायच्या. दुसऱ्या दिवशी नळ खरंच कोरडा असायचा, त्यामुळे माणसाचा शब्द खरा मानला जाई.

तर त्या साली काय झालं, पूर्वेकडच्या डोंगरी सीमेवर बंडखोरांनी जवानांच्या गाड्यांवर हल्ला केला आणि पलीकडच्या देशातल्या जंगलात पळून गेले. टीव्ही पेटला. दिल्लीतले विरोधक विचारू लागले, सरकार गप्प का? सरकारवाले म्हणू लागले, आम्ही काय कमी चिडलोय? हे लोण आठ दिवसांत शिंदखेड्याला पोचलं. एका पक्षाने तहसीलवर मोर्चा नेला, दुसऱ्याने लगेच बाजारपेठ बंद पाडली. पानटपरीवरची माणसंसुद्धा पिचकारी मारून फौजा हलवू लागली. जो तो म्हणे, सीमा ओलांडा आणि घुसून मारा. कोणी घुसायचं हे मात्र कोणी बोलत नव्हतं!

बुद्रुकचा पुढारी प्रेमराज मागे कसा राहील? त्याने उखर्डूभाऊच्या हातात कागद ठेवला. 'सीमेपलीकडील बंडखोरांविरुद्ध तात्काळ लष्करी कारवाई करण्यात यावी, या मागणीसाठी बुधवारी सकाळी नऊ वाजता भव्य मोर्चा.' उखर्डूभाऊही तापलेलाच होता. होणारा जावई फौजेत असल्यावर अंगात वारं शिरणारच की. त्याच्या ममताचं लग्न खुर्दच्या चैत्रामभाऊच्या ईश्वरशी ठरलं होतं. ईश्वर महिन्याच्या सुट्टीवर घरी आला होता आणि शुक्रवारी साखरपुडा होता. तेव्हा जवानाचा सासरा म्हणून उखर्डूभाऊने छातीत जरा जास्तच हवा भरून घेतली.

घोळ झाला तो इथेच. बुद्रुक आणि खुर्दची पूर्वी एकच ग्रामपंचायत होती. वीस वर्षांमागे खुर्दवाले भांडून वेगळे झाले, तेव्हापासून बुद्रुकात त्यांना 'बंडखोर' म्हणतात. रागाने नव्हे हो, सवयीने. "बंडखोरसकडे लगीन शे", "बंडखोरसनी मेथी बेस शे", असं चालायचं. दोन गावांमधला नाला ही शीव, आणि शिवेवर एक जुनी चिंच. चिंचा कोणाच्या यावरून दर साल शिव्यांची देवाणघेवाण ठरलेली. नेमकी त्याच आठवड्यात खुर्दवाल्यांनी अख्खी चिंच झोडून नेली होती.

आणि मंगळवारी दुपारी, वारा नाल्यापलीकडे वाहत असताना, उखर्डूभाऊने काय गर्जावं? "ऐका हो ऐका! बंडखोर भलता माजी गयात! सकाय नऊ वाजता बठ्ठा बाया-बाप्यासनी पारवर येवानं शे! शीव वलांडीसन बंडखोरसना बंदोबस्त करानं शे!"

बुद्रुकात अर्ध्यांना टीव्ही आठवला, अर्ध्यांना चिंच. उखर्डूभाऊची बायको लताबाई पिठाच्या हातांनी दारात आली आणि कपाळाला हात लावून बसली, ते पीठ कपाळावर तसंच राहिलं. "काय बरळनात तुम्ही? व्याहीसले मारानं सांगी उनात का?"

"तुले राजकारण समजत नही," उखर्डूभाऊ ऐटीत म्हणाला आणि चहा मागितला.

चहा येण्याआधी चैत्रामभाऊचा फोन आला. "उखर्डूभाऊ, जो माणूस भोंगावर आमनं गाव मारानं सांगस, त्याना घरमा आम्ही साखर खावाले येत नही." फोन खाडकन बंद. पुन्हा लावला तर उचलेनात. उखर्डूभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचा साखरपुडा त्याने स्वतःच्या तोंडाने, तोही भोंग्यावरून मोडला होता!

ममता धुळ्याला नर्सिंग शिकलेली. रडणाऱ्यांतली नव्हती. "आबा, एक कागद सरळ वाचला असता तर तुमची जीभ झडली असती का?" ती म्हणाली. "मी ईश्वरशी बोलले. त्याला हसू आवरत नाहीये. पण त्याचे वडील काही केल्या ऐकत नाहीत. उद्या तुम्हीच जा आणि निस्तरा."

बुधवारी मोर्चा निघाला. दीडेकशे माणसं होती. पुढे प्रेमराज, त्याच्यामागे 'सीमा ओलांडा' असं लिहिलेला लांबलचक कापडी फलक, आणि मागे उखर्डूभाऊची रिक्षा. आता गंमत अशी की बुद्रुकहून शिंदखेड्याचा रस्ता खुर्दातूनच जातो. नाल्याशी येऊन पाहतात तर चिंचेखाली अख्खं खुर्द उभं. बाप्यांच्या हातात काठ्या, बायांच्या हातात झाडू, आणि सगळ्यांत पुढे चैत्रामभाऊ.

"हा विरोधकांचा डाव आहे!" प्रेमराज किंचाळला.

"आधी चिंचानं बोला!" मोर्चातूनच कोणीतरी ओरडलं. दोन्हीकडच्या काठ्या वर झाल्या.

उखर्डूभाऊ रिक्षेतून उतरून धावला आणि नाल्याच्या मधोमध जाऊन हात जोडून उभा राहिला. "खुर्दना भाऊ-बहिणीसहो, मी गाढव शे!"

"ऐकू नही उनं!" खुर्दची इंदिराबाई म्हातारी झाडू नाचवत ओरडली. "काल भोंगावर सांगं ना? मंग आजबी भोंगावर सांग!"

काय करतो बिचारा! रिक्षेकडे परतला, माइक तोंडाला लावला आणि म्हणाला, "मी गाढव शे!" दोन्ही गावांच्या शिवारात ते घुमलं. आधी बायांना हसू फुटलं, मग बाप्यांना. चैत्रामभाऊच्या मिश्या हलल्या, पण तो गडी अजून हसायला तयार नव्हता.

उखर्डूभाऊला आता चेव आला. "बंडखोर म्हंजे तुम्ही नही! त्या तठे, पूर्वेकडना जंगलमा शेतस! शीव म्हंजे हाऊ नाला नही, देशनी शीव!"

"मंग ती शीव वलांडाले कोन जाई?" चैत्रामभाऊने विचारलं. "तू जाशी? का प्रेमराज जाई?"

"आमना जवान जाई!" उखर्डूभाऊ माइकवर गरजला, आणि त्याची नजर चैत्रामभाऊच्या मागे उभ्या असलेल्या ईश्वरवर गेली. ते तोंड तसंच उघडं राहिलं. आठ दिवस 'जवान जवान' करताना त्याच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा कोणीतरी असायचा. हा, मेथीच्या वाफ्याला पाणी देऊन आलेला, पायाला चिखल लागलेला पोरगा नसायचा.

ईश्वर पुढे येऊन उखर्डूभाऊला म्हणाला, "आबा, सकाळी युनिटचा फोन आला. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. उद्याच्या गाडीने निघायचंय." त्याने हे वडिलांनाही सांगितलं नव्हतं. चैत्रामभाऊच्या हातातली काठी खाली आली.

"पाहा! दबावाचा परिणाम!" प्रेमराजला आनंद मावेना. "ईश्वर, चढ रिक्षेवर, दोन शब्द बोल!"

"प्रेमराजभाऊ, आम्हाला भाषणाची परवानगी नसते," ईश्वर हसून म्हणाला. "हुकूम झाला तर जायचं, नाही झाला तर पहारा द्यायचा. मला त्याची भीती नाही. पण गावाने मला एवढं मोठं काम सांगितलंय, तर माझंही एक काम करावं. शुक्रवार आता माझ्याकडे उरलेला नाही."

मोर्चाबरोबर आलेल्या लताबाईला सगळ्यांआधी उमगलं. "मंग आजच करा ना! माणसं शेतस, व्याही शे, नवरदेव शे. साखर काय, दुकानमा मिळस!"

मग काय धांदल उडाली म्हणता! काठ्या चिंचेच्या बुंध्याशी टेकल्या. इंदिराबाईने हातातल्या झाडूने जागा झाडली. 'सीमा ओलांडा'चं कापड चार फांद्यांना बांधून सावली केली. ममता घरच्याच साडीत आली आणि झकास दिसली. खुर्दवाल्यांनी झोडून नेलेल्या चिंचांतल्या दोन पोती चिंचा मुकाट्याने परत आणून ठेवल्या. चैत्रामभाऊने उखर्डूभाऊच्या तोंडात साखर कोंबली, ती जरा रागानेच. तहसीलवर निवेदन घेऊन प्रेमराजसोबत पाच जण गेले, त्यातल्या दोघांचं बँकेत काम होतं.

गुरुवारी शिंदखेडा स्टेशनवर दोन्ही गावं लोटली. ईश्वर सगळ्यांच्या पाया पडला. शेवटी उखर्डूभाऊपाशी आला. अर्ध्या तालुक्याला पुरणारा तो आवाज, पण शब्द फुटेना.

"आबा, बोला ना काही. गाडी दोनच मिनिटं थांबते."

"पोऱ्या, मीच तुले धाडं रे," उखर्डूभाऊ कसाबसा म्हणाला.

"तुमना भोंगा दिल्लीपावत जास का आबा?" ईश्वर हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पण तसे भोंगे गावोगाव वाजलेत, हेही खरंच."

गाडीने शिटी दिली. उखर्डूभाऊने त्याला दंडाला धरून जवळ ओढलं. बोलायचं होतं कानात, पण आवाज तो आवाज, अख्ख्या फलाटाने ऐकलं. "ईश्वर, मी सांगं म्हनीसन जाऊ नको. हुकूम व्हई त जाय. पन मी सांगस म्हनीसन परत ये!"

ईश्वर डब्यात चढला. चैत्रामभाऊने उखर्डूभाऊचा हात धरला, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी सोडला नाही.