लाय साहेबांचे पंचाहत्तर घोडे

लुकांगच्या मासळीबाजारात एके काळी लाय तिएन्शी हे नाव दुरून जरी कानी पडले, तरी पारड्याखाली दडलेले अंगठे आपोआप बाहेर येत. वजने-मापे तपासण्याच्या सरकारी चाकरीत त्यांचे सारे आयुष्य गेले. काटा तपासण्यापूर्वी ते हात धूत, पितळी वजन रुमालाने पुसून पारड्यात ठेवीत आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वासदेखील जपून घेत. तुलेपुढे असे नतमस्तक होणारी माणसे विरळाच. मापात पाप नसावे, एवढीच त्यांची धर्माची व्याख्या होती, आणि ती त्यांना पुरेशी होती.

निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली एकमेव चैन केली. ताइचुंगच्या एका विक्रेत्याकडून मोठी मोटरसायकल घेतली. "जन्मभर पन्नास सीसीच्या स्कूटरवर लोकांच्या मागे हिंडलो. आता जरा पुढं जाऊ दे की," असे ते पत्नीला म्हणाले. गाडीच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत पंचाहत्तर अश्वशक्ती लिहिलेली होती. गाडी कारखान्यातून आली तशीच त्यांनी राखली. तिचा एक स्क्रूदेखील बदलला नाही.

पुढे मोटरसायकलवाल्यांच्या एका मेळाव्यात कोणीतरी गंमत म्हणून ती डायनोवर चढवली. जमिनीत बसवलेल्या जड रुळावर मागचे चाक फिरते आणि रूळ किती जोराने धावला त्यावरून यंत्र चाकापाशी पोहोचलेली शक्ती सांगते. यंत्राने सांगितले, सहासष्ट. ही वार्ता सोबत गेलेल्या त्यांच्या भाच्याच्या तोंडून बाजारात पोहोचायला वेळ लागला नाही.

"साहेब, नऊ घोडे कमी!" मासळीवाली अ-ख्वान भर बाजारात ओरडली. "माझ्या काट्यात तोळाभर कमी निघालं, तर दुकान बंद पाडलं होतंत माझं! आता तुम्हालाच काटा मारला की हो!"

"अगं, वाटेत चरायला थांबले असतील," शेजारची शिंपलेवाली म्हणाली. सगळा बाजार खदखदून हसला. लाय साहेब मासे न घेताच परतले आणि त्या दिवसापासून भाजीसाठी देखील पलीकडच्या गावी जाऊ लागले. ज्याने कधी कोणाला फसवू दिले नाही, तो स्वतः फसला, ही गोष्ट त्यांना अन्न गोड लागू देईना. गाडी परत जावी आणि बाजारात पुन्हा मान ताठ व्हावी, याहून त्यांना अधिक काही नको होते.

विक्रेता फार अदबीने बोलला. "काका, एका यंत्राचा आकडा म्हणजे एका ज्योतिषाचं भविष्य. दुसऱ्या यंत्रावरही बरोबर सहासष्टच आले, तर गाडी परत घेतो. शब्द माझा."

म्हणून एका दमट सकाळी लाय साहेब आणि त्यांचा शेजारी मी, असे दोघे चांगह्वाच्या बाहेर श्यू पेइलिंग या बाईंच्या दुकानी गेलो. यंत्राच्या संगणकावर हिरवा खाऊचा पुडा ठेवलेला होता. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून आमच्याकडे तो ठेवतात. लाय साहेबांनी प्रथम तो उलटा करून तारीख पाहिली.

"मालकीणबाई, हा गेल्या महिन्यातच संपलाय."

"मग आज यंत्र जरा वात्रटपणा करील. बांधा गाडी!"

पट्टे आवळले, पंखा सुरू झाला, रूळ गर्जला. अडुसष्ट. पुन्हा लावले, एकोणसत्तर. तिसऱ्यांदा साडेसदुसष्ट.

"गाडी तीच, यंत्र तेच, बाई तीच!" लाय साहेब कडाडले. "आकडा कसा बदलतो?"

"बाई तीच कुठली, काका? मघाशी माझं पोट भरलेलं होतं." पेइलिंगबाईंनी घाम पुसला. "बाजारात मासा कसा घेता? साफ करून तोलता, की तोलून साफ करता?"

"तोलून साफ."

"कारखानाही तेच करतो. इंजिनपाशी तोलतो. साखळी, गिअर, टायर यांतून चाकापाशी येईस्तोवर आतडी गळतात."

"पण अ-ख्वान आतडी माझ्या डोळ्यांदेखत टाकते. तुझी आतडी दाखव!"

बाईंनी त्यांचा हात धरून टायरपाशी नेला. टायर चटका बसेल इतका तापला होता. "ही बघा."

हात मागे घेत ते म्हणाले, "यात किती घोडे गेले?"

"काही गेले. काही हवेनं खाल्ले, काही पट्टा जास्त आवळल्यानं. नेमकं मला काय माहीत!"

'माहीत नाही' हे शब्द त्यांनी आयुष्यात कोणत्याही काट्याच्या मालकाला उच्चारू दिले नव्हते. ते स्टुलावर बसले.

अखेर बाईच कंटाळल्या. "हे बघा, तुम्हाला सहासष्ट हवेत ना? हवेचं तापमान मापणारा भाग बिघडलाय, तापमान मी हातानंच भरते. बाहेर एकतीस आहे, मी सतरा लिहिते. यंत्राला वाटेल हवा गार आहे; गार हवेत इंजिन जास्त जोर देतं म्हणून ते तेवढं वजा करील, आकडा खाली येईल. आलेच बघा सहासष्ट. छापून देऊ?"

पडद्यावर सहासष्ट उमटले. लाय साहेब उठले आणि पडद्याजवळ वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला लोभ स्पष्ट दिसला. लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"कुठं दाबलंस?" त्यांनी विचारले.

"हे इथं."

"इथं सील नाही? कुलूप नाही? कोणीही यावं आणि दाबावं?"

"काका, घेताय की नाही?"

"एकतीस लिही."

"मग गाडी परत जाणार नाही."

"ठाऊक आहे मला! एकतीस लिही म्हणतो ना!" त्यांचा आवाज फाटला. "पारड्याखाली अंगठा घालायला लोक तुझ्याकडे शिकवणीला येतील, बाई!"

"फुकटात मदत करायला गेले, वर शिव्या!" पेइलिंगबाईंनी एकतीस लिहिले आणि पट्टे इतक्या रागाने सोडले की गाडी डगमगली.

दुसऱ्या दिवशी लाय साहेब आपणहून मासळीबाजारात गेले. त्यांना पाहताच अ-ख्वानने सुरी खाली ठेवली. "काय साहेब, सापडले का घोडे?"

"एकीकडे सहासष्ट आले, एकीकडे अडुसष्ट. खरे किती, ते मला माहीत नाही."

त्यांच्या तोंडून असे वाक्य तिथे कोणी ऐकले नव्हते. मग शिंपलेवालीने तोंडाला ॲप्रन लावला आणि हास्याचा लोट उसळला. लाय साहेब मासा घेऊन, मोजणाऱ्याला मोजणारा कोणी नसल्याबद्दल साऱ्या जगावर संतापत, घरापर्यंत बडबडत गेले.

हल्ली बाजार त्यांना 'नऊ घोडे' म्हणतो. ते नाव त्यांना अजून मुळीच खपत नाही.