भाऊने मला आवाज दिला नाही

भाऊ गेल्याची बातमी मला माझ्या फोनने सांगितली. मी जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. अगदी लहानपणी गोवराच्या तापात माझी दृष्टी गेली, त्यामुळे फोनवरचे निरोप मी वाचत नाही, ऐकते. त्या सकाळी चहा ओतून घेत होते आणि फोनमधली बाई घरच्या ग्रुपवरचं एकेक वाचत होती. ‘सुभाषभाऊंचे आज पहाटे दुःखद निधन झाले.’ मग, ‘जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात.’ रिचार्ज संपत आल्याचं ती ज्या सुरात सांगते, त्याच सुरात. मी भाच्याला, भाऊच्या रोहितला, फोन लावला. तो म्हणाला, “आत्या, तुम्हाला कळवणारच होतो. पप्पा दोन-तीन दिवस दवाखान्यातच होते, पण तुम्ही एकट्या कशा येणार म्हणून… आता दगदग करू नका. दिवस झाले की गंधमुक्तीला गाडी पाठवतो.”

माझ्या सख्ख्या भावाला दवाखान्यात ठेवलं होतं आणि मला ते सांगितलं नाही, कारण मला आणायचं कुणी. जळगाव-धुळे एसटीने मी अर्धं आयुष्य एकटी प्रवास केला आहे. एरंडोल कधी गेलं आणि पारोळा कधी आलं हे मला रस्त्याच्या आवाजावरून कळतं, कंडक्टर नावाने ओळखतात. त्या दिवशीही मिळेल ती गाडी पकडून गेले. धुळ्यात देवपूरच्या घरी पोचले तेव्हा भाऊला नेलेलं होतं. ओट्यावर हात टेकला तर फरशी ओली लागली. कुणीतरी मला दंडाला धरून आत नेऊ लागलं. त्या घरात मला कधी कुणी धरून नेलेलं नव्हतं. मी दंड सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पेपरातली बातमी वाचून दाखवली. मथळा होता, ‘अंध बहिणीला आवाज देणारा भाऊ काळाच्या पडद्याआड’. खाली लिहिलं होतं की धुळ्याच्या या प्राध्यापकाने बहिणीचं दुःख न पाहवून, कॉम्प्युटर नवा असतानाच्या काळात मराठी वाचून दाखवणारा कॉम्प्युटर तयार केला आणि तिच्या अंधाऱ्या आयुष्यात प्रकाश आणला. वहिनी वाचता वाचता रडत होती, म्हणून तिच्यासमोर काही बोलले नाही. पण तेव्हापासून जो संताप आला आहे तो अजून उतरलेला नाही. म्हणून खरं काय घडलं ते लिहिते.

आम्ही साक्रीकडच्या खेड्यातले. भाऊला धुळ्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी लागली आणि आई, भाऊ, मी असे तिघं देवपूरला राहायला आलो. मी बीएला होते. ब्रेलमध्ये पुस्तकं मिळायची नाहीत, मग संध्याकाळी भाऊ मला वाचून दाखवायचा. फार वाईट वाचायचा. भरभर, एका सुरात, आणि कंटाळा आला की पानंच्या पानं गाळायचा. एकदा पेशवाईवरच्या धड्यात माधवराव आजारी पडले आणि पुढच्याच वाक्यात बारभाईंचं कारस्थान सुरू झालं. मी म्हटलं, “मधलं कुठे गेलं?” तो म्हणाला, “मधे काही विशेष नाही.” त्यावरून आमचं इतकं वाजलं की आई चुलीपुढून उठून आली. शेवटी तो म्हणाला, “मी एक यंत्रच करतो. ते पानं गाळणार नाही आणि तुझी कटकटही ऐकणार नाही.” अशी सुरुवात झाली त्या थोर कार्याची. त्यात कुणाचं दुःख न पाहवल्याचा भाग नव्हता. वैताग होता, आणि आपल्याला हे जमतं का बघू, ही त्याची खुमखुमी होती.

सुटे भाग जमवून त्याने घरीच कॉम्प्युटर जोडला. त्या यंत्राला घंटी वाजवण्यापलीकडे आवाज नव्हता. प्रिंटरची तार जिथे खोचतात तिथे, आकड्यांचा आवाज व्हावा म्हणून, त्याने रेझिस्टरांची एक साखळी जोडली आणि तिच्यापुढे जुन्या रेडिओचा स्पीकर लावला. प्रोग्रॅम लिहायचा तो असेम्ब्ली या यंत्राजवळच्या भाषेत. मला त्याने समजावलं होतं, “बाकीच्या भाषांत आपण नोकराला काम सांगतो, तो त्याच्या चालीने करतो. असेम्ब्लीत त्याचा हात धरून करून घ्यायचं. हा आकडा उचल, इथे ठेव, आता बाहेर पाठव.” आवाजाचे बारीक तुकडे सेकंदाला हजारोंनी स्पीकरकडे जायला हवेत, एकाला जरी उशीर झाला तरी कानाला खरखर लागते, म्हणून हा खटाटोप. पहिल्यांदा त्याने स्वतःचा आवाज भरला. मी ऐकलं आणि म्हटलं, “दिवसभर घरात तूच, आता पुस्तकातही तूच? हे मी ऐकणार नाही.” तो चिडून म्हणाला, “मग तू बोल.”

मी बोलले. स्वयंपाकघराच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या, आईला कुकर लावायला बंदी केली आणि क, का, कि, की पासून सगळे उच्चार मी टेपवर भरले. ते कॉम्प्युटरात घेऊन, कापून, एकमेकांना जोडून त्याने शब्द तयार केले. जागा कमी, म्हणून तो तुकड्यांची टोकं छाटायचा. मी ऐकून सांगायचे की ‘ड’ तुटला, ‘भ’ चा ‘ब’ झाला. पण नुसते आवाज जोडून मराठी होत नाही. ‘घर’ म्हणताना शेवटचा अ गिळायचा असतो, ‘मित्र’ म्हणताना गिळायचा नसतो. ‘चार’ मधला च वेगळा आणि ‘चारा’ मधला वेगळा. जन्मातला ज जत्रेतल्या ज सारखा नाही. हे आपण न शिकता बोलतो. यंत्राला सांगावं लागतं. भाऊ म्हणायचा, “उदाहरणं नकोत, नियम दे.” मी दिवस-दिवस पुटपुटत बसायचे, शब्द जिभेवर घोळवायचे, नियम बांधायचे, तो मोडणारा शब्द सापडला की पुन्हा नवा बांधायचे. तो ते असेम्ब्लीत उतरवायचा. आमची भांडणं व्हायची, जेवणं थंड व्हायची. माझ्या आयुष्यात मी त्याहून सुखी कधी नव्हते.

एका दुपारी यंत्राने आख्खा परिच्छेद धड वाचला. आई धान्य निवडत होती. तिने हात थांबवला. “हाई कोन बोली ऱ्हायनं?” आणि मग, “हाई तर मन्ही निमा शे.” ही तर माझी निमा आहे, म्हणजे मी, निर्मला. भाऊ बाहेर निघून गेला. बराच वेळ तो ओट्यावर उभा होता.

त्यानंतर त्याने हे कॉलेजात दाखवलं. विभागप्रमुख म्हणाले, “खेळणं छान आहे, पण अभ्यासक्रमात कुठे बसतं?” तासांतून सवलत नाही, प्रयोगशाळेत जागा नाही. मात्र कॉलेजच्या प्रदर्शनात त्यांना ते ठेवायचं होतं, आणि शेजारी मला. मी काळा चष्मा घालावा असं त्यांनी सुचवलं. भाऊ हो म्हणाला. मला वाटलं, यंत्र कसं चालतं ते आम्ही दोघं सांगणार. पण लोक आले की तो म्हणायचा, “ही माझी बहीण. हिच्यासाठी केलं.” लोक हळहळायचे. एका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. यंत्र माझ्याच आवाजात बोलत होतं आणि मला विचारायला कुणी येत नव्हतं.

घरी आल्यावर मी विचारलं, “आवाज कुणाचा, नियम कुणी केले, हे का नाही सांगितलंस?”

तो म्हणाला, “लोकांना ते कळत नाही. बहीण कळते.”

हे वाक्य मी त्याला कधी माफ केलेलं नाही, आणि तो गेला म्हणून आज करणार नाही. महिन्याभरात मला जळगावची नोकरी मिळाली, मी निघून आले. कित्येक महिने आम्ही बोललो नाही. मग एका रविवारी तो दारात उभा. कॉम्प्युटर खोक्यात घालून एसटीने आणला होता. पाणीसुद्धा न पिता त्याने तारा जोडल्या आणि बटण दाबलं. यंत्र सुरू होताच बोललं, “आवाज आणि उच्चारांचे नियम, निर्मला. बांधणी, सुभाष.” तो म्हणाला, “दर वेळी सुरू केलं की आधी हे म्हणेल. काढायचं म्हटलं तरी काढता येणार नाही असं बसवलंय.” माफी हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या दिवशीही नाही.

पुढे नव्या पद्धतीचे कॉम्प्युटर आले, आमचा प्रोग्रॅम त्यांवर चालेना. सगळं पहिल्यापासून लिहायला जागा हवी होती, वेळ हवा होता, आणि कॉलेजने दोन्ही दिलं नाही. त्याने ते यंत्र देवपूरला नेलं आणि निवृत्तीनंतरही दुरुस्त करून चालू ठेवलं.

गंधमुक्तीनंतर कॉलेजात शोकसभा झाली. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. ज्यांनी खेळणं म्हटलं होतं, त्याच निवृत्त विभागप्रमुखांनी भाषण केलं. म्हणाले, “सुभाषरावांनी बहिणीला आवाज दिला.” टेबलावर ते यंत्र ठेवलं होतं; मी हात लावून पाहिलं तर त्यावर फुलांचा हार. मी रोहितला म्हटलं, “हे चालू कर.” तो सूत्रसंचालकांकडे गेला. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “ताई, वेळ कमी आहे. अजून दोन वक्ते बोलायचेत.” बटण दाबलं असतं तर यंत्राने त्या सभागृहाला एका वाक्यात खरं सांगितलं असतं. मला माइक दिला नाही. श्रीफळ दिलं.

कॉलेजला ते यंत्र काचेच्या कपाटात ठेवायचं होतं, ‘एका भावाची भेट’ अशी पाटी लावून. मी सांगितलं, पाटीवर दोन नावं आणि दोन कामं लिहा. उत्तर आलं की त्याने भावना कमी होते. मग मी रोहितला सांगून यंत्र माझ्याकडे आणवलं. त्याने तारा जोडून दिल्या. पोरगा वाईट नाही, दवाखान्याचं का लपवलं, हे मी त्याला सरळ विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चुकलं आत्या.” बापापेक्षा बरा.

आता ते माझ्या टेबलावर आहे. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या… म्हणजे कुणाकडून तरी वाचून घेऊन झाल्या, की मी ते सुरू करते, काहीतरी टाइप करते आणि ऐकते. बाविशीतली मी बोलते. भाऊचा आवाज त्यात कुठेच नाही. पण दोन शब्दांमध्ये किती थांबायचं ते त्याने ठरवलं होतं, आणि तो उतावळा माणूस. मी शंभरदा सांगितलं होतं, पूर्णविरामाला जरा थांबव रे, अर्थ पोचू दे. म्हणायचा, “तुला ऐकायचंय की झोपायचंय?” कधी बदललं नाही त्याने ते. मथळ्यातल्या सगळ्या पुण्यवान भावांपेक्षा मला तो त्या घाईत सापडतो. आवाज माझा, घाई त्याची.

काल या लेखाची सुरुवात त्यात टाइप केली. भाऊ गेल्याचं वाक्य आलं, पूर्णविराम आला, आणि यंत्र श्वासभरही न थांबता माझ्या नोकरीच्या वाक्यात शिरलं. मी त्याच्यावर मोठ्याने ओरडले. शेजारच्या काकू दाराशी येऊन काय झालं विचारून गेल्या. मग मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.