गार्डसाहेबांचा 'येतो'

या जगात जेवढी म्हणून माणसं घराबाहेर पडतात, ती सगळी कुठे ना कुठे जातात. आमच्या वरच्या मजल्यावरचे गार्डसाहेब मात्र उभ्या आयुष्यात कधी कुठे गेले नाहीत. ते फक्त आले. भाजी आणायला निघाले की "येतो", दाढी करायला निघाले की "येतो", आमच्याकडे चहा पिता पिता गॅलरीतला टॉवेल काढायची आठवण झाली तरी "येतो". आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, निघताना आपण सगळेच 'येतो' म्हणतो. म्हणतो की! पण आपण ते दारात म्हणतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. गार्डसाहेबांनी 'जाणे' हे क्रियापदच घरातून हद्दपार केलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, पण एक अख्खं क्रियापद वगळून माणूस दिवसभर बोलू शकतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लाइट गेली की ते म्हणायचे, "लाइट यायचीय." दूध उतू गेलं की, "दूध वर आलं." एकदा जुळे सोलापूरच्या चौकात रिक्षावाल्यानं विचारलं, "कुटं जायचं, काका?" तर हे म्हणाले, "स्टेशनला यायचंय." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "स्टेशनला या की मग. पण मी हितं हाय, मला कशाला सांगताय?" दोघांचं असं बराच वेळ चाललं. शेवटी मीच मध्ये पडले आणि म्हटलं, "अहो, घेऊन जा यांना स्टेशनला." तर गार्डसाहेब रिक्षातून माझ्याकडेच रागानं बघत निघाले.

मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी होटगीच्या आसपास झाली. गार्डाचा डबा गाडीच्या शेवटी असतो. त्यामुळे मागे राहण्याची त्यांना सवयच लागली होती. फिरायला चारजण निघाले की हे सगळ्यांच्या मागे. लग्नात जेवायला बसले की पंगतीच्या टोकाला. "ड्रायव्हरला पुढचं दिसतंय बाई," ते मला सांगायचे, "आमाला मागं ऱ्हायलेलं तेवढं दिसतं." आमचे हे सकाळी ऑफिसला निघाले, की गार्डसाहेब वरच्या गॅलरीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून हिरवा नॅपकिन हलवायचे. सुरुवातीला आमचे हे फार वैतागले. पण पुढे पुढे नॅपकिन दिसेपर्यंत त्यांची स्कूटर सुरू होईनाशी झाली. एकदा गार्डसाहेबांना ताप होता, तर हा माणूस खाली हेल्मेट घालून वर बघत उभा! शेवटी मी आमच्या गॅलरीतून पोळपाट पुसायचं फडकं हलवलं, तेव्हा आमची गाडी सुटली.

'येतो'चं हे खूळ मात्र नोकरीतलं नव्हे. त्यांच्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा हे ड्यूटीवर होते. शेजाऱ्यांच्या आधारानं रिक्षात बसता बसता तिनं फोन केला. म्हणाली, "मी दवाखान्यात जाते, तुमी या सावकाश." गार्डसाहेब धावतपळत पोचले, पण भेट काही झाली नाही. "आपल्या सोलापुरात चार भाषा बोलत्यात बाई," ते मला एकदा म्हणाले, "कानडीत 'होगि बर्तेन्री', तेलुगूत 'पोयोस्ता', आमच्या इंजिनवरचे चाचा म्हणायचे 'जाके आता'. सगळ्यांत शेवटी 'येतो' हायच, नुसतं ते दुसरं कुणीच म्हणत न्हाय. ही तेवढी म्हणाली." त्यांच्या सगळ्या तऱ्हांना मी तोंडावर हसत आले, पण त्या दिवसानंतर या एका तऱ्हेला हसले नाही.

तर अशा या माणसाच्या घरात एक पिल्लू आलं. गार्डसाहेबांची बहीण दुधनीला असते. ती दर वर्षी तुरीची डाळ पाठवते. त्या वर्षी भाच्यानं पिशवी आणून दिली, गार्डसाहेबांनी ती स्वयंपाकघरात ठेवली, आणि थोड्या वेळानं डाळ कुईकुई करायला लागली. बहिणीला फोन लावला तर ती म्हणाली, "एकटा ऱ्हातोस, बोलायला कुणीतरी नको का?" तांबडं, लोंबत्या कानांचं, पोटाचा नुसता नगारा झालेलं ते ध्यान घेऊन गार्डसाहेब आमच्या दारात उभे राहिले. मला कुत्र्यांचा तिटकारा. मी दारातच हात आडवा धरला आणि म्हटलं, "आत आणायचं नाही हं!" ते म्हणाले, "आत कुटं आणतोय? नाव सुचवा." मी काही सुचवलं नाही. दोन दिवसांत त्यांचं त्यांनाच सुचलं. ते पिल्लू रस्त्यातल्या प्रत्येक खांबाशी, प्रत्येक दगडाशी, प्रत्येक उभ्या स्कूटरशी थांबायचं, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'पॅसेंजर' ठेवलं. मग काय विचारता! दिवसभर वरून गार्डसाहेबांचा आवाज. पॅसेंजरला पेपर वाचून दाखवायचे, आमटीत मीठ बरोबर आहे का विचारायचे. आणि बाहेर पडताना न चुकता त्याच्यासमोर उकिडवं बसून, त्याचे दोन्ही कान धरून सांगायचे, "येतो बरं का रे पॅसेंजर. येतो." बायको वारल्यापासून त्या घरात 'येतो' ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. ते आता मिळालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच गार्डसाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, "बाबा, तिकडे तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? इकडेच या." बोलावणं रास्त होतं. पण नातवाला दमा, त्यामुळे कुत्र्याला तिथं थारा नाही. झालं! पॅसेंजरला ठेवायचं कुठे, या एका प्रश्नानं गार्डसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी पिल्लासाठी घरं बघितली. पहिला मान बहिणीचा. पण दुधनीला घरात सगळं बोलणं कानडीत. "ह्याला अजून मराठीच धड येईना, त्यात कानडी घातली तर दोन्ही बिघडंल," असं म्हणून त्यांनी ते स्थळ नाकारलं. मग इंजिनवरचे ते होटगीचे चाचा. चाचा तयार होते, पण त्यांच्या अंगणात बकरी. पॅसेंजरनं तिची शेपटी हुंगली आणि बकरीनं त्याला असं उडवलं, की तो थेट बादलीत. चाचा बकरीचीच बाजू घेऊन म्हणाले, "बकरी घर की है साब. मेहमान को समझना होना ना!" गार्डसाहेब ओलं पिल्लू सदऱ्यात गुंडाळून परत आले.

शेवटी विजापूर रोडला कुत्र्यांचं हॉस्टेल निघालंय असं कुणीतरी सांगितलं. बघायला मीही बरोबर गेले, कारण एव्हाना मला भीती वाटायला लागली होती की हे घोंगडं आपल्याच गळ्यात पडणार. जागा छान होती हो! पंखे, गाद्या, वेळच्या वेळी खाणं. माझ्या शाळेत एवढी सोय नाही. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात गार्डसाहेबांनी तिथल्या बाईंना विचारलं, "माणूस निघताना कुत्र्याला काय सांगायची पद्धत हाय तुमच्यात?" बाई गोड हसून म्हणाल्या, "काहीच नाही सांगायचं, काका. आम्ही त्याला खेळायला नेतो, तेवढ्यात तुम्ही मागच्या दारानं निघायचं. म्हणजे त्याला त्रास होत नाही." गार्डसाहेबांनी पॅसेंजरला उचललं आणि सरळ बाहेर आले. रस्ताभर बडबडत होते, "न सांगता निघायचं? मागल्या दारानं? मी काय चोर हाय व्हय, बाई?" माणूस रागावला की मला उत्तर सुचतं, पण त्यांचा आवाज रडवेला झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे आमच्याकडे." आमच्या ह्यांनी हे ऐकल्यावर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

पुण्याला निघताना गार्डसाहेब आमच्या हॉलमध्ये उकिडवे बसले, कान धरले आणि म्हणाले, "येतो रे. डोळे करून येतो." तर पॅसेंजरनं मान वर करून असा गळा काढला की चार घरांतली माणसं बाहेर आली. तेव्हा आम्हाला वाटलं, कळलं बिचाऱ्याला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे बूट घालून "येतो गं" म्हणाले, आणि पुन्हा तोच गळा. संध्याकाळी मी पिशवी घेऊन "आलेच" म्हटलं, तर हूं की चूं नाही. 'येतो' म्हटलं की मात्र आकांत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला 'येतो'मध्ये येणं ऐकू येतं. त्या मुक्या जिवाला त्यात दार लागलेलं ऐकू यायचं. हा शब्द उच्चारला की माणूस नाहीसा होतो, एवढंच त्याला ठाऊक. व्याकरण त्याला कुणी शिकवलं नव्हतं, अर्थ तेवढा बरोबर कळला होता. आम्ही "टाटा" करून पाहिलं, "बराय" करून पाहिलं. पण आमच्या ह्यांची जीभ सवयीची गुलाम, शेवटी 'येतो' निघायचंच. तेव्हा एकदा वैतागून ते ओरडले, "बरं बाबा, जातो! जातो मी!" आणि पॅसेंजर शांतपणे जांभई देऊन पायपुसण्यावर झोपला. त्या दिवसापासून आमच्या घरात 'जातो' सुरू झालं. पहिल्यांदा म्हणताना माझी जीभ अडखळली. देवाला मनातल्या मनात सांगितलं, कुत्र्यासाठी म्हणतेय, खरं धरू नकोस.

गार्डसाहेबांचे डोळे छान झाले. पण परत यायच्या बेतात असताना तिथल्या बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मग वॉकर आला. मग मुलगा म्हणाला, "लिफ्ट नाही, दुसरा मजला, एकटे कसे राहणार?" काय चूक होतं त्याचं? काहीच नाही. रोज संध्याकाळी गार्डसाहेबांचा फोन यायचा. मी स्पीकर लावायची. पॅसेंजर आवाजाच्या दिशेनं फोनला नाक लावून बसायचा, आणि बोलणं संपताना ते म्हणायचे, "येतो रे." की लागला हा रडायला. शेवटी मी धीर करून सांगितलं, "गार्डसाहेब, तेवढं 'येतो' म्हणू नका हो. फार रडतो तो." ते म्हणाले, "मग तुमी काय म्हणता?" मी सांगितलं. "छ्या छ्या!" ते म्हणाले, "असलं अभद्र मी न्हाय बोलणार." त्यानंतर त्यांचे फोन संपेनासे झाले. बोलायचं संपलं तरी ते फोन ठेवायचे नाहीत, नुसते धरून बसायचे. पॅसेंजर नाक लावून बसायचा. केव्हातरी तिकडे सून येऊन फोन बंद करत असावी.

थंडी सरता सरता ते एकदा आले. वरची जागा भाड्यानं द्यायची ठरली होती. सामान हलवायला मुलगा गाडी घेऊन आला आणि यांना दिवसभरासाठी बरोबर घेऊन आला. वरचा जिना झेपेना म्हणून ते आमच्याच हॉलमध्ये बसले. फार वाळले होते. पॅसेंजर आता चांगला थोराड झाला होता. दारात काठी वाजली तशी त्यानं उडी घेतली ती थेट छातीवर. मला वाटलं पाडतो आता यांना, पण गार्डसाहेबांनी काठी टाकली आणि भिंतीला टेकून त्याला तसाच मिठीत धरला. दोघंही विचित्र आवाज काढत होते. दिवसभर दोघं एकमेकांना सोडेनात. दुपारी पेपर वाचून दाखवला. आमटी आधी याला विचारून मग स्वतः खाल्ली. ऊन उतरलं तसा पॅसेंजर दमला आणि दाराजवळ त्यांच्या चपलांवर मान टाकून गाढ झोपला.

खाली हॉर्न वाजला. गार्डसाहेब उठले. आमच्या ह्यांनी चपला काढून घेण्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. "असू द्या त्याच्यापाशी." मग आमच्या ह्यांच्या जुन्या स्लिपर्स पायात सरकवल्या. वरची किल्ली मुलाकडे होती, पिशवी गाडीत होती. न बोलता निघायला काहीच हरकत नव्हती. पण हा माणूस न सांगता निघणाऱ्यांतला नव्हता. वाकता येत नव्हतं, तरी दाराची चौकट धरून जमेल तेवढे वाकले. कान धरायला हात पुढे केला, आणि तो उठेल म्हणून मागे घेतला. मग अगदी हळू, ज्याला ते शिव्यांहून वाईट मानत आले तो शब्द म्हणाले.

"जातो रे, पॅसेंजर."

पॅसेंजरचा कानसुद्धा हलला नाही. गार्डसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, झोपला ना, अशा अर्थानं, आणि कठडा धरून पायऱ्या उतरायला लागले. अहो, असं नका म्हणू, 'येतो' म्हणा की एकदा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो उठला असता.