नोकरी लागली की ग्रुप सोडावा

तापीच्या दोन्ही काठांवर गेल्या काही वर्षांत ज्या ज्या माणसाला जनसंपर्काची नोकरी लागली, त्या प्रत्येकाला ती अप्पांच्या या मित्राने लावून दिली आहे. हे वाक्य त्यांनी वाचलं तर ते आधी चष्मा पुसतील, मग 'प्रत्येकाला' खोडून 'बहुतेकांना' करतील आणि खाली एका ओळीचा खुलासा जोडतील. खुलासा हा त्यांचा जन्माचा धंदा. अप्पा म्हणजे माझे वडील. ते धुळ्याच्या एका सूतगिरणीतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि हे गृहस्थ त्याच गिरणीचे जनसंपर्क अधिकारी. सकाळी गेटवर अप्पांचं पत्रक वाटलं जायचं, संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत यांचा खुलासा पोचायचा, आणि मधल्या वेळात दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. "तू एकाच परिच्छेदात 'पिळवणूक' दोनदा लिहिलंय भो, एक काढ. जोर कमी होतो," असं हे मालकाचे नोकर अप्पांना सांगायचे, आणि पुढच्या पत्रकात अप्पा खरंच एक काढायचे. मी तेव्हापासून त्यांना नाना म्हणते. आमच्या घरात मुलं बाराखडीच्या आधी पत्रकं वाचायला शिकली, त्यामुळे जनसंपर्क म्हणजे मालकाच्या तोंडाला लावायची पावडर, हे मला फार लवकर कळलं होतं. नाना त्यावर चिडत नसत. "पावडर लावणाऱ्याला तोंड फार जवळून दिसतं बेटा," एवढंच म्हणत.

पुढे गिरणी बंद पडली, नाना जळगावला एका खाजगी दवाखान्याची प्रसिद्धी बघायला गेले, आणि काही वर्षांनी तेही काम दवाखान्याने पुण्याच्या एका कंपनीतल्या पोरांना देऊन टाकलं. त्या पोरांनी पहिल्याच जाहिरातीत जळगावचं भुसावळ धुळे जिल्ह्यात टाकलं. नानांना नोकरी गेल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना कुणी बोलावणार नव्हतं. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. एक बहीण मुक्ताईनगरला, ती वर्षातून दोनदा फोन करायची. बाकी दोन खोल्या, एक पंखा आणि दोन शर्ट. ते शर्ट नाना आजतागायत रोज आळीपाळीने इस्त्री करून सकाळी दहा वाजता घालतात आणि खिशाला पेन लावून घरातल्याच खुर्चीत येऊन बसतात.

बोलणंही प्रेसनोटसारखं. कोण, काय, कुठे, कधी आणि शेवटी उपस्थित मान्यवर. एकदा जिन्यात पडून त्यांचा पाय मुरगळला. मी भेटायला गेले तर म्हणाले, "काल सायंकाळी सहाच्या सुमारास राहत्या घराच्या जिन्यात. शेजारच्या अक्का, दूधवाला आणि दोन कॉलेजकुमार या वेळी उपस्थित होते." लग्नात जेवायच्या आधी ते व्यासपीठाकडे बघत उभे राहतात आणि कुणाची खुर्ची कुणाच्या आधी हवी होती ते पुटपुटतात. आणि फोटोत ते कधीच नसतात. चाळीस वर्षांचे समारंभ, पण एकाही छायाचित्रात नाना नाहीत. फार तर कडेला एक कोपर दिसतं, त्यावरून ओळखायचं. "जनसंपर्कवाल्याचं नाव बातमीत आलं की समज, बातमी बिघडली," हा त्यांचा धर्म. तो मला कधीच पटला नाही. काम करणाऱ्याचं नाव झाकायचं ही युक्ती कुणाच्या सोयीची आहे ते मी त्यांना पुष्कळदा सुनावलं. ते मान हलवत ऐकायचे आणि माझं वाक्य लांबलं म्हणायचे.

अशा माणसाने फोनवर ग्रुप काढला, 'खान्देश जनसंपर्क परिवार'. ज्यांची नोकरी गेली, ज्यांना मिळाली नाही, त्या सगळ्या प्रसिद्धीवाल्यांसाठी. शिवाय नोकऱ्यांची ती एक निळी साइट आहे, जिथे लोक स्वतःची आरती स्वतःच ओवाळतात. तिथेही नाना घुसले. तिथे त्यांची शोधायची पद्धत अशी की कुठल्याही मोठ्या कंपनीचं पान उघडायचं आणि आडनावं वाचत जायचं. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे दिसले की थांबायचं आणि लिहायचं, "सप्रेम नमस्कार. आपलं मूळ गाव कोणतं?" दिल्लीकडच्या एका कंपनीतल्या पाटीलबाई निघाल्या कोल्हापूरच्या. नानांनी त्यांना लिहिलं, "हरकत नाही, नदी वेगळी असली तरी पाणी तेच," आणि महिन्याभरात चाळीसगावच्या एका पोराची तिथे नोकरी पक्की झाली. या पोराने आधी आपल्या माहितीत लिहिलं होतं, "मेहनती व प्रामाणिक". नानांनी त्याला घरी बोलावून झापलं. "मेहनती न् प्रामानिक तर बैलबी ऱ्हातो. तू काय केलं ते लिही." पोरगा म्हणाला, "नाना, मी काहीच केलं नाही हो, बाजार समितीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडल्या फक्त." "किती?" "चारशे." "किती वेळात?" "दीड तासात." "मग हेच लिही ना बाप्पा! चारशे पाहुणे दीड तासात बसवले." पोराचं पान असं काही उभं राहिलं की त्याच्या आईनेही ते ओळखलं नसतं.

ग्रुपचे नियम तीन. सकाळी फुलांचे फोटो टाकायचे नाहीत. रिकामी जागा कळली की तासाच्या आत सगळ्यांना सांगायची, स्वतःला हवी असली तरी. आणि नोकरी लागली की ग्रुप सोडायचा. "दवाखान्यात बरा झालेला माणूस खाट अडवून बसतो का?" असं ते विचारायचे. जाणाऱ्यासाठी ते स्वतः निरोपाची प्रेसनोट लिहीत, तिच्यात 'सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे' असं शेवटचं वाक्य असे, आणि ते सर्व स्तर म्हणजे नाना. मग पडद्यावर बारीक अक्षरात ओळ उमटायची, अमुक यांनी ग्रुप सोडला. असे किती गेले. नानांचं काम जितकं चोख, तितकी ओळ लवकर उमटणार. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी असोद्याच्या एका ओळखीच्या शेतात परिवाराची भरीत पार्टी ठेवली, तेव्हा कपाशीच्या काट्यांवर भाजलेली वांगी पुरली नव्हती. गेल्या हिवाळ्यात शेतात आम्ही दोघंच होतो, आणि लाकडी बडगी घेऊन वांगी ठेचायला आलेला शेताचा मालक. नाना वाटेकडे बघत मला म्हणाले, "चांगलीच गोष्ट शे. बठ्ठासले काम लागी गये." सगळ्यांना काम लागलं होतं, खरंच. मग बराच वेळ भरीत वाढून घेत राहिले, खाल्लं मात्र नाही.

मी त्या ग्रुपात कशी, तर बेकारीने. मी ज्या वर्तमानपत्रात होते तिथे पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून माझ्या नावाने टाकायला सांगितला, मी नाही म्हटलं आणि घरी आले. अप्पांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नाना धुळ्याला आले, दारातच म्हणाले, "तुला ग्रुपात घेतलंय." मी म्हटलं, "मी जनसंपर्कवाली नाही." "पत्रकं लिहितेस ना? तू शिव्या देतेस, आम्ही हार घालतो. कागद सारखाच लागतो." दवाखान्यात असताना त्यांनी आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी करायची मोहीम चालवली होती, पायी, गावोगाव, दोन पावसाळे. तिच्यासाठी एक पत्रक त्यांनी माझ्याकडून अहिराणीत लिहून घेतलं होतं. एक कागद, दोन्ही बाजू. माझा त्या मोहिमेशी संबंध तेवढाच.

तर या मार्चमध्ये धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेला जनसंपर्क अधिकारी हवा असल्याचं नानांना कळलं. माणूस इथला हवा, अनुभवी हवा, वयाची अट नाही. मी त्या दिवशी जळगावला त्यांच्याकडेच होते. नानांनी तो निरोप वाचला, फोन पालथा ठेवला, पाणी प्यायले, फोन सुलटा केला, पुन्हा वाचला. घड्याळाकडे बघितलं. अशी चाळीस मिनिटं गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, मी अर्ज करू का?"

"करायचाच," मी म्हटलं. "आणि ग्रुपवर टाकू नका. एकदा तरी स्वतःचा विचार करा."

"नियम शे."

"नियम तुम्हीच केलाय!"

"म्हनूनच तर." त्यांनी जागा ग्रुपवर टाकली, तास व्हायला थोडा वेळ बाकी असताना. मग टेबलाशी बसले. "पगाराचं काही नाही गं," ते हळूच म्हणाले. "सकाळी दहाला बाहेर कुठं जायचं असलं म्हणजे बरं असतं. कोणी तरी म्हणतं, आज उशीर झाला का नाना."

अर्ज मी लिहून देते म्हटलं तर म्हणाले, "तू लिहिशील तर मुलाखत नाही होणार, मोर्चा निघेल." शेकडो लोकांचे अर्ज लिहिलेला माणूस, मी त्याच्यावर सोडून निघाले. इथेच चुकलं. नानांनी आयुष्यात 'मी' हा शब्द कागदावर लिहिलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी मलाच त्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. आवाज खूश. "ताई, तुमच्याबद्दल फार सुंदर शिफारसपत्र आलंय. सिकलसेलची ती मोहीम तुमची का? या ना भेटायला."

मी नानांकडे जाऊन तो कागद मागितला. त्यांनी प्रत दिली. वर शीर्षक, खाली मुख्य मुद्दा, मग दवाखान्याचे अध्यक्ष, डॉक्टर, गावोगावच्या आशाताई, जीपचा चालक, प्रत्येकाचा उल्लेख ज्याच्या त्याच्या मानाने. 'मोहिमेचा आत्मा ठरलेले अहिराणी पत्रक' माझ्या पूर्ण नावानिशी. स्वतः नाना शेवटी 'सविनय सादर' या शब्दांखाली. आणि प्रेसनोटच्या तळाशी ज्याची बातमी त्याचाच नंबर द्यायचा, स्वतःचा नाही, या चाळीस वर्षांच्या शिस्तीने लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी संपर्क', आणि पुढे माझा नंबर.

"नाना, हा अर्ज आहे?"

"काय चुकलं?"

"यात तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी कागद हातात घेऊन खरोखर शोधलं. खालपासून वरपर्यंत. मग चष्मा काढला.

मी त्यांच्यासमोरच सचिवांना फोन लावला आणि सगळं स्पष्ट सांगितलं. हे शिफारसपत्र नाही, अर्ज आहे, मोहीम यांची आहे, पायी हिंडले ते हे. सचिव माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अहो ताई, पण ज्यांना स्वतःचा साधा अर्ज लिहिता येत नाही ते आमची प्रसिद्धी काय करतील? तुम्ही या." फोनचा आवाज मोठा होता. नानांनी ऐकलं. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या सचिवांविरुद्ध एक पत्रक लिहायचं होतं.

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "तुमची जागा आहे ती. तत्त्वाचा प्रश्न आहे."

नाना माझ्यावर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "तत्त्व मले नको सांगू. तुझ्या बापाने माझा एक खुलासा कधी मान्य केला नाही. आयुष्यभर. तू एक मान्य कर. ती जागा मी कुणासाठी मागत होतो ते मी सांगू का तू सांगशील? मी सांगतो, तुझ्यासाठी मागत होतो. घे. छाप."

ते खोटं होतं. आम्हा दोघांना माहीत होतं. "मी खोटं लिहिणार नाही तिथे," मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून. "अट आहे माझी."

"अट सांगायची नसते, पाळायची असते," ते म्हणाले आणि खिडकी लावायला उठले.

नोकरी लागली. मी ग्रुप सोडला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. नानांचा फोन आला नाही, ओरडा आला नाही. आठव्या दिवशी ग्रुपवर माझी प्रेसनोट आली. सगळी होती, अप्पांचं नाव होतं, सर्व स्तर होते. एकही शब्द काढावा असा नव्हता. त्यानंतर दोन मिनिटांनी नानांनी स्वतःच मला ग्रुपातून काढलं.

आता मी रविवारी सकाळच्या बसने जळगावला जाते. दारातून बघते तर रविवार असूनही शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. ते मला निळ्या साइटवरच्या ओळखी दाखवतात, सिंगापूरची कुणी महाजन नव्याने सापडलेली असते, तिचं आजोळ रावेरचं निघालेलं असतं. तिला कशी गाठली ते रंगवून सांगतात. सांगणं संपलं की पडदा विझतो आणि खोलीत फक्त पंखा राहतो. मग ते अगदी सहज विचारतात, "जेवून जाशील ना?" मी हो म्हणते. नाना खिचडी टाकायला आत जातात. डबा उघडल्याचा आवाज येतो, आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. शेवटी दारात येऊन उभे राहतात, मुठीत तांदूळ धरलेले. "दोघांना किती लागतील गं?" विचारतात. मी दर रविवारी सांगते. दर रविवारी ते पुन्हा विचारतात.