प्लास्टर राहू द्या

मुलीच्या हाताचं प्लास्टर काढू नका म्हणून हाडांच्या डॉक्टरांशी भांडलेली आई अख्ख्या जळगाव-धुळ्यात मी एकटीच असेन. इतर लोक ते कधी एकदाचं निघतंय याची वाट बघतात. मला मात्र ते निघूच नये असं वाटत होतं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावात राहायचो. आमचे हे धुळ्याला पाटबंधारे खात्यात होते. तिथे त्यांनी एक खोली घेतली होती आणि शनिवारी ते घरी यायचे. मी घरीच ब्लाऊज शिवायचे. एकुलती एक लेक दहावीत होती.

पोरगी हुशार. आई म्हणते म्हणून नाही, खरंच हुशार. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण तिचे हात तिचं ऐकायचे नाहीत. नाडीची गाठ बसायची नाही, वेणी जमायची नाही, तांब्या भरून आणला की अर्धं पाणी फरशीवर. दाराची चौकट तर तिच्या खांद्याला रोज लागायची आणि रोज ती चौकटीलाच 'सॉरी' म्हणायची. मी तिच्या गणवेशाला टिचबटणं लावली, सलवारीत नाडीऐवजी इलॅस्टिक ओवलं. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका हसायच्या. "शिवणवालीच्या पोरीला सुई ओवता येत नाही?" असं एकीने तिच्या तोंडावर विचारलं. त्या बाईचं ब्लाऊज मी मुद्दाम तिच्या घरचं लग्न होऊन गेल्यावर दिलं.

अक्षराचं तर विचारूच नका, कुत्र्याचे पाय मांजराला. हाताला वळण लागावं म्हणून मी तिला रोज पानभर शुद्धलेखन लिहायला बसवायचे. वळण काही लागलं नाही, वह्या तेवढ्या संपल्या. शाळेत कुणी आळशी म्हणे, कुणी गबाळी. शिंदखेड्याच्या आमच्या चुलत सासूबाई आल्या की तिच्याकडून धडेच्या धडे म्हणून घ्यायच्या आणि मग कपाळाला हात लावायच्या. "बठ्ठं तोंडपाठ शे व माय तिले. मंग तिना हातले काय व्हयनं?" सगळं तोंडपाठ आहे, मग हातालाच काय झालं, असं निदान त्या विचारत तरी होत्या. बाकीच्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं.

नववीच्या निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि हिला बाहेरून बसवा. शाळेच्या निकालाचाही विचार करावा लागतो आम्हाला." मी म्हटलं, "सर, ती याच शाळेतून बसेल. निकालाचं काय ते तुमचं तुम्ही बघा." म्हणायला म्हटलं, पण मनातून मी धास्तावले होते. कारण पेपर तपासणाऱ्याला तिचं अक्षर लागणार नाही हे मलाही दिसत होतं. दहावीत नापास झालेल्या मुलीचं आमच्याकडे पुढे काय होतं, हे काही मला कुणी सांगायला नको होतं. वर्षाच्या आत स्थळं सुरू.

त्यात दिवाळीच्या तोंडावर तिला टायफॉइड झाला. दोन महिने पोर अंथरुणाला खिळली. केस गेले, अंगावरचं मांस गेलं. मी मशीन तिच्या कॉटजवळ ओढून घेतलं आणि शिवता शिवता तिला इतिहास-भूगोल वाचून दाखवायला लागले. पडल्या पडल्या तेवढं ती ऐकायची. जरा बरी झाली तशी संक्रांतीला आम्ही दोघी धुळ्याला ह्यांच्याकडे निघालो. धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं उतरली, आणि शेवटच्या पायरीवर हिचा पाय कुठे पडला देव जाणे. पडली ती उजव्या हातावर. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. मी तिथेच स्टँडवर फतकल मारून बसले आणि मोठ्याने देवाला विचारलं, "आता आणखी काय राहिलंय?" तिळगुळाचा डबा कुठे गेला तो सापडला नाही.

धुळ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. तोंडावर पूर्वपरीक्षा. मुख्याध्यापक म्हणाले, "हात मोडलाय म्हटल्यावर लेखनिक मिळेल. नियमच आहे तसा." खालच्या वर्गातली हवी म्हणून आमच्याच गल्लीतली नववीची एक मुलगी ठरली. वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून हिने सांगायचं, तिने लिहायचं.

पहिला पेपर इतिहासाचा होता. मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती नववीतली मुलगी बोटं झटकतच बाहेर आली. "काकू, हिला सांगा ना हो काहीतरी. थांबतच नाही! माझी बोटं कामातून गेली."

मागून लेक आली. पेपरातून बाहेर पडताना हसणारी लेक मी तोपर्यंत बघितली नव्हती.

पेपर तपासून झाल्यावर इतिहासाचे सर आमच्या घरी आले. कायम पस्तीसच्या आत-बाहेर असणारी मुलगी वर्गात दुसरी आली होती. चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "एवढं सगळं हिच्या डोक्यात होतं?" मी म्हटलं, "पहिल्यापासून होतं सर. तुम्ही अक्षर बघत होता." बिचाऱ्यांनी साखर कमी असलेला चहा तसाच संपवला.

म्हणजे जिला मी देवाची क्रूर थट्टा म्हणत होते, ती थट्टा आमच्या पथ्यावर पडली होती. फक्त एक गोची होती. बोर्डाची परीक्षा मार्चच्या मध्यावर आणि प्लास्टर निघायचं होतं मार्च लागताच. मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, "प्लास्टर निघालं की हात बरा झाला. मग मी बोर्डाला काय सांगू?"

प्लास्टर काढायला निघालो तेव्हा धुळ्याच्या गाडीत लेक खिडकीशी बसली होती. पारोळा गेल्यावर म्हणाली, "आई, हात दुखतोय अजून, असं सांगू का मी?" मी म्हटलं, "तू गप्प बस. काय बोलायचं ते मी बोलेन."

आणि बोललेही. डॉक्टरांनी कात्री हातात घेतली तशी मी मध्ये पडले. "राहू द्या ना. परीक्षा होईपर्यंत राहू द्या."

"बाई, हाड जुळलंय. हात आखडेल."

"आखडू दे. नंतर बघू."

आमचे हे दारात उभे होते, ते "अगं, अगं" करायला लागले. डॉक्टर चिडले. त्यांनी प्लास्टर कापलंच. आतून पांढराफटक, काडीसारखा हात बाहेर आला आणि माझा बांध फुटला. नाडीपासून सतरा नंबरच्या फॉर्मपर्यंत सगळं मी रडत, भांडत, एका दमात सांगून टाकलं. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. डोकावू देत, म्हटलं.

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. तिला म्हणाले, "डावा हात पुढे कर. अंगठा एकेका बोटाला लाव बघू, ओळीने." तिने लावला. दुसऱ्या बोटावर चुकला, तिसरं सुटलंच. "न बघता लाव." मग तर अंगठा हवेतच फिरत राहिला. एका पायावर उभी राहा म्हणाले, ती टेबलावर आदळली आणि टेबलाला सॉरी म्हणाली.

"हा हात तर मोडला नव्हता," डॉक्टर म्हणाले. मग आवाज एकदम खाली आणून बोलले, "बाई, शिकत असताना मी असं एक मूल बघितलंय. याला इंग्रजीत नाव आहे. डोकं चांगलं, बोटंही चांगली, पण डोक्याचा निरोप बोटांना नीट पोचत नाही. ती आळशी नाही. तिला वळण लावण्यात तुमचंही काही चुकलेलं नाही."

त्यांनी सांगितलेलं नाव मी विसरले. डिस्प्रॅक्सिया हा शब्द मला बऱ्याच वर्षांनी पुन्हा भेटला. पण त्या दिवशी नावाचं कुणाला पडलं होतं? पंधरा वर्षं छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलल्यासारखं मला झालं. मी पदराने तोंड पुसलं आणि ह्यांच्याकडे बघितलं, तर हे भिंतीकडे तोंड करून उभे.

डॉक्टरांनी दाखला लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. हाड जुळलं आहे, पण हाताची पकड कमी आहे. शिवाय या मुलीला लिहिण्याची मूळचीच अडचण आहे. ती तीन तास लिहू शकणार नाही. "यात खोटं काही नाही," ते म्हणाले. "प्लास्टर ठेवलं असतं तर ते खोटं झालं असतं." मुख्याध्यापकांनी दाखला उलटसुलट करून पाहिला, डॉक्टरांची सही पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि लेखनिक राहू दिली.

निकाल जूनमध्ये लागला, पहिल्या वर्गात पास झाली. पेढे वाटले, ज्यांना द्यायचे नव्हते त्यांच्याकडे तर आधी पाठवले. पण मला निकालाचा दिवस तेवढा आठवत नाही. आठवतो तो शेवटचा पेपर. दुपारचं ऊन होतं, मी शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली बसले होते. सुटल्याची घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि त्यात ह्या दोघी अगदी सावकाश, गप्पा मारत येताना दिसल्या. मी उठून पुढे गेले. "काय गं, अवघड गेला?"

"नाही," लेक म्हणाली. "कधीच संपला. मग आम्ही दोघी नुसत्या बसून होतो."

स्वतःच्या हाताने लिहायची तेव्हा पाचवीपासून तिचा एकही पेपर पुरा झाला नव्हता. प्रत्येक वेळी वर्गावरच्या बाईंनी तो तिच्या हाताखालून ओढून घेतला होता.

"बसून काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "बाकीचे आत लिहीत होते, ते बघत बसले."