तीन दिवसांत गुरगुर बंद

सांडोरच्या टीचरांचा फोन आला तेव्हा मी बोळिंजमधल्या एका सोसायटीत गुबगुबीत लॅब्रडॉरला ‘थांब’ शिकवत होतो. मला स्वतःला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही आणि मी कुत्र्यांना थांबायला शिकवतो, यावर बायको रोज हसते.

“अरे, आमचा कुत्रा मिस्टरांना चावला,” टीचर म्हणाल्या. “हाताला टाके पडलेत. आधी गुरगुरलासुद्धा नाही रे! रविवारी त्याला वालीवला पाठवतोय, एका कारखान्यात राखणीला. साखळीला बांधून ठेवतील दिवसभर. त्याआधी एकदा बघून जातोस का? तूच शिकवलेला ना.”

तूच शिकवलेला. लॅब्रडॉर ‘थांब’ विसरून चपला पळवत होता, मी त्याला अडवलंही नाही.

आठ वर्षांपूर्वी मी या धंद्यात नवा होतो. ज्या उस्तादाकडे शिकलो त्याचं म्हणणं एकच, मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे. टीचरांचं पिल्लू जेवताना कुणी जवळ आलं की गुरगुरायचं. मी त्याच्या गळ्यात साखळी घातली आणि गुरगुरलं की हिसका द्यायला लागलो. तीन दिवसांत आवाज बंद. टीचर इतक्या खूश झाल्या की वाडीतला केळ्यांचा अख्खा घड दिला, आणि मी तो स्कूटरवर मिरवत घरी नेला. नंतर ‘तीन दिवसांत गुरगुर बंद’ असं कार्डच छापलं. छाती फुगवून वाटत फिरलो.

आता माझ्या पिशवीत साखळी नसते, उकडलेल्या चिकनचा डबा असतो. गुरगुर म्हणजे कुत्र्याने सभ्यपणे दिलेली सूचना, हे मी लोकांना ऐटीत समजावतो. इथे हात नको, दुखतंय, भीती वाटतेय. हिसके देऊन ती बंद केली की भीती तशीच राहते आणि मग थेट दात लागतात. हे शहाणपण शंभरदा सांगून झालंय. पण मी स्वतः काय करायचो, हे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी निघालो. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली, एकदा चहासाठी आणि एकदा उगाचच. परत फिरावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुत्रा विहिरीजवळ बांधलेला होता. टीचरांचे मिस्टर ओटीवर बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. “दरवाजात आडवा पडलेला. नुसता उठवायला गेलो,” ते म्हणाले.

मी कुत्र्यापासून दहा फुटांवर, त्याच्याकडे अर्धी पाठ करून जमिनीवर बसलो आणि चिकनचे तुकडे टाकत राहिलो. त्याने ते खाल्ले. मी थोडा पुढे सरकलो तर त्याने जीभ ओठांवरून फिरवली, तोंड फिरवलं आणि अंग ताठ केलं. आवाज मात्र नाही. मी मागे सरकलो. थोड्या वेळाने तो उठला, तेव्हा मागचा उजवा पाय जपून टाकत होता.

“खुबा दुखतोय त्याचा,” मी म्हणालो. “तुमचा हात नेमका तिथेच लागला असणार.”

“मग गुरगुरायला काय झालं होतं?”

वय झालं म्हणून सांगता आलं असतं. त्यांना पटलंही असतं.

“ती सवय मी मोडली,” मी म्हणालो. “आवाज केला की मार बसतो, एवढंच मी त्याला शिकवलं. चूक त्याची नाही. माझी आहे.”

मिस्टर माझ्याकडे न बघता टीचरांशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले. मला ओ की ठो कळलं नाही. लाजेने कान मात्र तापले होते.

“ते म्हणतात, वालीवच्या माणसाला नको म्हणून कळवायचं,” टीचर म्हणाल्या. “आणि तू उद्यापासून रोज यायचं.”

रोज गेलो. डॉक्टरांची औषधं सुरू झाली, साखळी सुटली. त्याने तोंड फिरवलं की सगळ्यांनी मागे व्हायचं, एवढा एकच नियम. महिनाभराने एका सकाळी मिस्टर खराटा घेऊन त्याच्याजवळून गेले आणि त्याच्या घशातून बारीक, घोगरा आवाज आला. मिस्टर जागच्या जागी थबकले. “बरं बाबा,” म्हणाले आणि लांबून वळसा घालून गेले. मला रडूच आलं.

टीचर शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “अशी आणखी किती घरं आहेत रे?”

मी उठलो. त्यांच्या फाटकाबाहेर येऊन फोनमधले जुने नंबर काढले आणि पहिला लावला. विरारच्या एक बाई. त्यांनी लगेच ओळखलं.

“अहो, किती वर्षांनी! तुमचा विद्यार्थी मजेत आहे. म्हातारा झालाय, जिना चढवत नाही त्याला. पण गुणी किती! आमची दोन वर्षांची नात आत्ता त्याच्या पाठीवर बसलीय, कान ओढतेय, तरी हूं की चूं नाही.”

“ताई,” मी म्हणालो, “आधी नातीला उचलून घ्या.”