सागरच्या आईनं धुतलेले कपडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

बारावीनंतर मी वरकुट्याहून बारामतीला कॉलेजला आलो. एमआयडीसीच्या रस्त्याला सागर नावाच्या मुलाबरोबर खोली घेतली. तो जवळच्या काटेवाडीचा, त्याला सगळीकडे मित्र. मला कुणी नव्हतं. दिवसचे दिवस फक्त दुकानदाराशी बोलायचो, तेवढंच.

कपडे मी कधी धुतले नव्हते. घरी आई हात लावू द्यायची नाही — तू अभ्यास कर म्हणायची. आणलेले सगळे मळले, वास यायला लागला, तेव्हा एका रविवारी मोरीत बसलो. बादलीत पावडरचं अख्खं पाकीट ओतलं. नवी जीन्स आणि पांढरा शर्ट एकत्रच बुडवले. शर्ट निळा झाला, फेस काही केल्या जाईना. आणि मला रडू फुटलं. शर्टासाठी की आणखी कशासाठी — कुणास ठाऊक.

तेवढ्यात सागरची आई त्याचा डबा घेऊन आली. मला बघून दारातच थांबली.

"अरं, असं धुत्यात व्हय? आईनं शिकवलं न्हाय?"

नाही शिकवलं, एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणालो, "आई न्हाय मला."

तिनं पदर खोचला, बादली ओढून घेतली. ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. तिथंच खोटं मागं घेता आलं असतं. पण तो हात — मला तो हवा होता.

मग दर रविवारी ती माझेही कपडे धुवायची. माझ्याही वाट्याची भाकरी आणायची. आणि वरकुट्याहून आई फोनवर विचारायची, "येऊ का रं, खोली बघाया?" मी म्हणायचो परीक्षा आहे, मालक कुणाला येऊ देत नाही. किती काय काय म्हणायचो!

शेवटी एका रविवारी आई न सांगताच आली. हातात पिशवी, पायाला धूळ. सागरची आई माझा शर्ट पिळत होती.

"या की. तुमी कोण याच्या?" ती म्हणाली. आणि आईनं तोंड उघडायच्या आतच — "बिनआईचं लेकरू हाय, म्हनलं आपणच धुवावं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी काय केलं? भिंतीकडं बघत राहिलो.

"मावशी हाय मी त्याची," आई म्हणाली.

मग पिशवी ठेवून ती खाली बसली आणि माझे कपडे खळबळायला लागली. दोघी पाण्यापावसाचं बोलत होत्या.

संध्याकाळी आईला गावाकडं जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत बसवायला गेलो. सागर सोबत होता. तो बाजूला झाला असता, मी सांगितलं असतं तर. नाही सांगितलं. गाडी हलली, आईनं खिडकीतून हात केला, आणि मी मोठ्यानं, सागरला ऐकू जाईल असं म्हणालो — "नीट जा गं, मावशी."

दिवाळीला घरी गेलो. अंगणातूनच "आई" अशी हाक मारली. तिनं आतून ओ दिली. नेहमीसारखीच.